मोठ्या आकड्यांचं घड्याळ

आत्या, त्या दिवशी सगळे तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मी तुमच्या मनगटाकडे. डाव्या हातावर पट्ट्याच्या रुंदीची उजळ खूण तेवढी होती. घड्याळ नव्हतं. वडगावहून ॲम्ब्युलन्स आली, तुम्हाला हॉलमध्ये ठेवलं, शेजारणी जमल्या, कुणीतरी मला धरून खाली बसवलं. रडतच होते मी. पण मनात एकच घोळत होतं, घड्याळ कुठं गेलं?

सकाळपासून हे लिहायला बसतेय. दोन ओळी झाल्या की उठते. गॅस बंद आहे का बघते, दोरीवरचे कपडे चाचपते, परत येते. तुम्ही असता तर ओरडला असता, "वर्षे, पायाला भिंगरी लागल्या काय? एका जाग्याला टेक की!" टेकता येत नाही, आत्या. सासू गेल्यावर सुनेनं निवांत व्हावं अशी आपल्याकडं रीत आहे म्हणतात. माझं उलटं झालंय. तुमच्याशी चाललेलं भांडण मध्येच तुटलंय, आणि भांडायला समोर कुणी नाही.

भांडण घड्याळाचंच. दिवाळीच्या आधी एका सकाळी भाकरी थापता थापता तुम्ही जाहीर केलंत, "मला हातातलं घड्याळ पायजे. चांगलं. गाड्यावरलं नको."

संदीप डबा भरत होता. म्हणाला, "आई, फोनात दिसतंय की."

"फोन पिशवीत, पिशवी काखंत, चष्मा घरात. तवर एसटी जाती निघून."

मामा, संदीपचे वडील, गेले, म्हशी विकल्या, पेठ वडगावचं घर भाड्यानं दिलं आणि तुम्हाला आम्ही इकडं शहरात, राजारामपुरीतल्या या फ्लॅटवर आणलं. पण दर बाजाराच्या दिवशी तुम्ही वडगावला जायचाच. एकट्या, एसटीनं. भाजी स्वस्त मिळते म्हणायचा आणि संध्याकाळी पिशवीत दोन वांगी नि एक मेथीची पेंडी घेऊन यायचा. संदीप चिडवायचा, "तिकीट भाजीपेक्षा महाग पडलं की." तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. घड्याळाबद्दल मात्र एकदा बोललात. "पावणं, किती वाजलं? आसं म्हणत आख्खा जन्म गेला. कोण सांगतंय, कोण बघत बी न्हाई. आता मला कुणाला इचारायचं न्हाई."

पैसे तुमच्या भिशीचे होते. सहा-सात हजारांपर्यंत जायचं ठरलं. त्यात बरं घड्याळ येतं, फार भारी येत नाही, एवढं मला माहीत होतं. म्हटलं, एका रविवारी जाऊ आणि घेऊन येऊ. तीन दुकानं आणि तीन रविवार गेले.

पहिल्या दुकानातल्या मुलीनं लेडीज घड्याळांचा ट्रे पुढं सरकवला. डायल बोराएवढी, आकड्यांच्या जागी चार खडे. तुम्ही एक उचलून डोळ्यांजवळ नेलंत, मग हात लांब करून बघितलंत.

"ह्यात आकडं कुटं हायत?"

"आजी, आता असंच चालतंय. आकड्यांऐवजी खडे असतात."

"खडं तांदळात बी असत्यात. मला येळ बघायची हाय."

मुलगी हसली, मी ओशाळले, आणि तुम्ही पायऱ्या उतरून रस्त्यावर पोचलातसुद्धा.

दुसऱ्या दुकानात मात्र तुम्हीच भाळलात. सोनेरी, जाड साखळीचं घड्याळ. हातावर चढवून तुम्ही बांगड्यांशेजारी धरून बघत होता. लग्नात नवी नवरी बघते तसं. मी म्हटलं, "आत्या, हे वरून नुसतं पाणी दिलंय. घामानं वर्षात उडतं." तुम्ही ते काढून काचेवर ठेवलंत. "एवढी शानी हाईस तर हितं आणलीस कशाला?" आणि घरापर्यंत माझ्यापुढं दहा पावलं चालत गेलात. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू आल्या, तेव्हा त्यांच्या सोनेरी घड्याळाच्या कडेला तुम्ही नख लावून बघत होता. रंग निघत होता. मला काही बोलला नाहीत. हरलात की गप्प व्हायचा, एवढीच तुमची कबुली.

तिसऱ्या दुकानाचा मालक पन्नाशीचा होता, भिंग कपाळावर चढवलेला. त्यानं ट्रे काढलाच नाही. आधी विचारलं, "मावशी, घड्याळ रोज घालणार का लग्नाकार्याला?"

"रोज. भांडी घासताना बी."

"मग चामड्याचा पट्टा नको, कुजतोय. स्टीलचा घ्या. आणि हे ऑटोमॅटिक म्हणतात ते हाताच्या हालचालीवर चालतंय. तुमच्या बजेटात बसवायचं म्हटलं तर मशीन मिळंल, पण काच आणि पट्टा हलका येणार. त्यापरास सेलवरचं घ्या, सगळं बरं मिळतंय."

"आन् ह्ये?" तुम्ही एका काळ्या डायलकडं बोट केलंत.

"हे उजेडावर चालतंय. सेलच बदलायला नको."

"आपल्यात चार म्हयनं ऊन पडत न्हाई. तवा काय करायचं, वाळत घालायचं?"

तो हसला. दिव्याच्या उजेडावरपण चालतंय म्हणाला, पण तुमचं मन बसलं नाही. मग त्यानं पुरुषांच्या कपाटातून एक काढलं. स्टीलचं, पांढरी डायल, एक ते बारा सगळे आकडे काळे आणि ठसठशीत, सेकंदाचा काटा लाल. मी पटकन म्हटलं, "अहो, हे जेन्ट्सचं आहे."

"घड्याळाला काय मिशा असत्यात व्हय?" असं म्हणत तुम्ही ते घेऊन दारात गेलात, उन्हात धरलंत आणि चष्म्याशिवाय वाचलंत, "पावणेबारा." मग मालकाची उलटतपासणी. पाणी शिरंल का? हात धुवायला, पावसात चालतंय, पोहायला नव्हे. काच? नाण्यानं, किल्लीनं सहज ओरखडा उठणार नाही, आपटली तर फुटेल. "आन् बिघडलं तर उघडणार कोण? हितंच का मुंबईला धाडणार?"

"इथंच. सेलपण माझ्यासमोर बदलायचा. रस्त्यावर टाकला तर मागचं झाकण नीट बसत नाही, मग पाणी जातंय."

तुमचं ठरलं होतं. आणि तिथंच मी मध्ये पडले.

तुमच्या काळजाचे ठोके मध्येच चुकतात, हे डॉक्टरांनी वर्षापूर्वी सांगितलं होतं. गोळ्या चालू होत्या. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या आणि घरी तुमच्या नाडीचा पत्ता नाही, याचा मला घोर होता. मी मालकाला आधीच सांगून एक स्मार्टवॉच बाजूला काढायला लावलं होतं. ते तुमच्यापुढं ठेवलं. "आत्या, हे घ्या. त्याच पैशात येतंय. ह्यात ठोके दिसतात. तुम्ही पडलात, काही झालं, तर माझ्या फोनवर लगेच कळतं."

"तुज्या फोनवर?"

"हो."

"म्हंजी मी कुटं हाय त्ये बी तुला दिसणार?"

"दिसेल. बरंच आहे की."

तुम्ही ते एका बोटानं माझ्याकडं ढकललंत. "मग ह्ये तुज्यासाठी हाय, माज्यासाठी न्हवं. तूच घाल."

मालकानं दुसरीकडं बघितलं. मी रागानं लाल. तुम्ही कंबरेच्या पिशवीतून पैसे काढत होता.

त्यानंतरचे महिने, आत्या, खरं सांगू, घरात एक नवीन माणूस आल्यासारखं झालं. न विचारता तुम्ही वेळ सांगत सुटलात. "धा वाजून सोळा मिण्टं झाली." "संदीप, तुजी शिरोलीची गाडी आज चुकनार." भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं पुढं आहे हे तुम्ही शोधलंत आणि संदीपला स्टुलावर चढवलंत. एकदा वडगावहून आलात त्या अशा, जणू निवडून आलाय. चप्पल काढायच्या आत म्हणालात, "आज स्टँडवर दोघांनी मला येळ इचारली. एक तर प्यांटवाला हुता!"

मला हसू यायचं आणि राग जायचा नाही. बाजाराच्या दिवशी तुम्ही निघालात की मी म्हणायची, "ते दुसरं घेतलं असतं तर मला घोर नसता."

"घोर तुजा आन् हात माजा?"

"नेमकं कुठं जाता ते तरी सांगून जा."

"बाजारला."

दार लावून जायचा. दर आठवड्याला हेच. शेवटच्या वेळीही हेच. त्या दिवशी "जपून जा" असं काही मी म्हटलं नाही. म्हणत नव्हतेच कधी.

दुपारी एका माणसाच्या दंडाला पट्टा बांधला होता आणि फोन वाजला. अनोळखी बाई, घाबरलेली. "मी हौसाबाईंची सून बोलती. वडगावातनं. तुमच्या सासूबाई आमच्यात झोपल्यात, त्या उठंनात."

हौसाबाई कोण, हे आम्हाला धड माहीत नव्हतं. तरुणपणी तुमच्याबरोबर शेतात तण काढायला, भांगलायला असायच्या, गावाच्या कडेला बौद्ध वस्तीत राहतात, एवढं कधीतरी कानावर होतं. तुम्ही दर बाजाराला तिथं जाता, जेवता, झोपता, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. संदीपलाही.

मग घड्याळाचा शोध. तुमची पिशवी मी तीनदा उलटी केली. ॲम्ब्युलन्सवाल्याला विचारलं. संदीप म्हणाला, "तिथं वस्तीत गेल्ती. काढून घेतलं असंल कुणीतरी, झोपेत."

"असं बोलू नकोस."

"मग गेलं कुठं?"

आम्ही त्यावरून भांडलो, तुमचं कार्य व्हायच्या आधी, तुमच्या फोटोसमोर.

पण मला सतावत होतं ते वेगळंच. दुसरं घड्याळ तुमच्या हातावर असतं तर माझा फोन थरथरला असता. मी रिक्षा केली असती, तोवर हौसाबाईंच्या सुनेला दवाखान्यात न्यायला सांगितलं असतं. आपल्या डॉक्टरांना जाऊन विचारलं, "आधी कळलं असतं तर?" त्यांनी तुमची फाइल उघडली, मिटली. मग म्हणाले, "सांगता येत नाही." या तीन शब्दांवर मी किती दिवस चालतेय. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून बाल्कनीत. हो म्हटलं असतं तर तुमच्यावर चिडले असते, नाही म्हटलं असतं तर रडून मोकळी झाले असते.

चालता चालता जुनं आठवतं. आमची ओवी दीड वर्षाची असताना मी परत कामावर जायचं म्हटलं. मामा नाही म्हणाले, माझी आईसुद्धा नाही म्हणाली. तुम्ही तेव्हा वडगावहून दोन म्हशींची धार काढून, डेअरीला दूध घालून इथं यायचात आणि पोरीला मांडीवर घ्यायचात. "तू जा. भाकरीचं मी बघतो." लॅबमध्ये कधी उशीर व्हायचा, कधी फारच उशीर व्हायचा. दारात बायका उभ्या असायच्या, त्यांनी विचारलं की सांगायचात, "येल की, कामावर गेल्या." मला कधी एका शब्दानं विचारलं नाहीत, कुठं होतीस, किती वाजता येशील. इतक्या वर्षांत एकदाही नाही. आणि मी तुमच्यासाठी घड्याळ निवडलं ते असं, की तुम्ही कुठं आहात ते मला दिसावं.

हे कळूनसुद्धा, आत्या, उद्या तुम्ही परत दुकानात उभ्या राहिलात तर मी पुन्हा तेच काउंटरवर ठेवीन. तुम्ही पुन्हा ढकलाल. तुमचं बरोबर होतं म्हणून माझं चूक ठरत नाही. काळीज तुमचं होतं, पण नुसतं तुमचंच नव्हतं.

परवा शेवटी न राहवून वडगावची एसटी धरली. संदीपला म्हटलं, "विचारून येते." तो म्हणाला, "भांडू नको तिथं." मला स्वतःलाच माहीत नव्हतं मी कशाला चाललेय.

हौसामावशींचं घर तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगणार. त्यांनी मला बघितलं आणि तशाच आत गेल्या. तांदळाच्या डब्यातून फडक्यात बांधलेलं घड्याळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं. चालू होतं.

"तेराव्याला मी आलतो," त्या म्हणाल्या. "खालच्या गेटापतूर. वर समदं पावणं बघितलं आन् माघारी फिरलो. एवढ्या मानसांत ह्ये काडून दिलं असतं तर काय म्हणलं असतं लोक?"

काय म्हणाले असते, ते माझ्या घरातच म्हणून झालं होतं.

"तुजा सासरा हुता तवर ती दारात उभी ऱ्हाऊन बोलायची. च्या घेतला तर उभ्यानंच. उंबरा वलांडला न्हाई कधी. त्यो गेला आन् मग एका बाजारला आली, चप्पल काडली आन् सरळ चुलीम्होरं बसली. म्हणली, हौसे, वाड." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "लई भूक लागल्यागत जेवली बघ."

मी विचारलं, "घड्याळ तुमच्याकडं कसं?"

"दर बाजारला आसंच. जेवलं की काडून माज्या हातावर चडवायची. म्हणायची, आता तू संबाळ, मी जरा पडतो. बारका काटा चारवर आला की उटीव, एसटी हाय. मला बारका काटाच वाचाय येतोय, त्यो बी तिनंच शिकवलेला. ती झोपायची आन् मी हितं दारात बसून काट्याकडं बघत ऱ्हायचो. त्या दिशी बी बसलो. चारला काटा आला. उटवाय गेलो."

आत्या, मी त्या दारात बसले आणि मला पहिल्यांदा नीट दिसलं. माझं ऐकून तुम्ही ते दुसरं घड्याळ घेतलं असतं, तरी त्या दुपारी ते हौसामावशींच्याच मनगटावर असतं. माझ्या फोनवर त्यांचे ठोके आले असते, शांत, एकसारखे, दारात बसलेल्या बाईचे. मी लॅबमध्ये ते बघून म्हणाले असते, आत्या आज बऱ्या आहेत. आणि चहा प्यायला गेले असते.

मला हसू आलं. खूप मोठ्यानं. मग ते हसू राहिलं नाही, आणि मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

संदीपचा फोन आला. "मिळालं का?"

"मिळालं. आत्यांनी स्वतः त्यांच्या हातावर घातलं होतं. दर वेळी घालायच्या, झोपताना."

मागं त्याच्या शिरोलीच्या फाउंड्रीचा आवाज येत होता. मग म्हणाला, "मग राहू दे त्यांच्याकडंच."

मावशी नको नको म्हणत होत्या. "लोक काय म्हणतील, बाय?" मी त्यांचा हात धरून घड्याळ चढवलं. "लोकांना मी सांगते," म्हटलं. पट्टा नेमका बसला. त्या काट्यांकडं बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "मोटा काटा काय म्हणतोय, त्ये सांगशील? तेवडं ऱ्हायलंय बघ."

माझ्या एसटीची वेळ होत आली होती. तरी शेजारी बसले. "मावशी, मोठा काटा तीनवर आहे ना, म्हणजे पंधरा मिनिटं."

"तीनवर हाय म्हंजी तीन की."

"तीन नव्हे. पंधरा."

"लिवलंय तीन आन् तू म्हणतीस पंधरा. तुज्या आत्याचं बी ह्येच. डोळ्याला दिसतंय येक, सांगनार दुसरंच!"

आत्या, शिकवताना तुम्हीही इथंच अडला होता ना?

तिकडं स्टँडवरून एसटी सुटल्याचा आवाज आला. मी बैठक बदलून नीट मांडी घातली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.